धुक्यातली तार

ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि आठवली की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. नात विचारते, "आजी, मंगळसूत्र चाचपतेस का गं?" मी हो म्हणते. पोलीस खात्यात जन्म काढलेल्या बाईनं नातीला भीती दाखवू नये, असा आमच्या घरात नियम आहे. नियम मीच केला आहे आणि मोडतेही मीच.

कऱ्हाडजवळच्या एका ठाण्याची मी तेव्हा प्रभारी अधिकारी होते. निवृत्ती जवळ आली होती, म्हणजे तशी मी आजी झालेच होते. पण केस काळे, डोळ्यांवर गॉगल, आणि जीपमधून उतरताना एक पाय जरा जास्तच वेळ हवेत ठेवायचा, असा माझा थाट. माणसाच्या चेहऱ्याकडे नुसतं बघितलं की मला गुन्हेगार ओळखू येतो, अशी माझी पक्की समजूत होती. आता तेव्हाचे फोटो बघते तेव्हा वाटतं, या बाईला स्वतःची टोपी वाकडी बसलीय हे कळत नव्हतं, ती गुन्हेगार काय ओळखणार!

आमच्या हद्दीत शहराच्या कडेला एक कॉलनी होती. निवृत्त फौजी, शिक्षक, कारखान्यातली माणसं, एकमेकांना लागून बंगले. कॉलनीच्या मागच्या गेटातून एक अरुंद रस्ता निघायचा. थोडं पुढे वळण, वळणानंतर दोन्ही बाजूंना ऊस, आणि पलीकडे कॉलेजचा रस्ता. पोरं याच वाटेनं जायची. साध्या सायकली मागे पडून इलेक्ट्रिक सायकली आल्या होत्या. पायडल मारायचं नाही, आवाज करायचा नाही, मांजरासारखं मागून येऊन शेजारून सुळकन निघून जायचं. गळीत हंगामात आमच्याकडे ट्रॅक्टर एवढी गाणी लावून जातात की झोपलेला माणूस उठून बसतो. त्या आवाजाला सरावलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे मुकं वाहन कळायचंच नाही.

एका संध्याकाळी कॉलनीतल्या आजी देवळातून परत येत असताना अशीच एक सायकल मागून धडकली. धडकणारा पळून गेला, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. आजींचा खुबा मोडला. त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत गेल्या. आजारपणात भेटायला येईल त्याला त्या एकच सांगायच्या, "आवाजच न्हाई आला ओ."

त्यानंतर कॉलनीनं बैठक घेतली आणि दोन्ही गेटांवर पाटी लागली: 'कॉलनीत इलेक्ट्रिक सायकल चालवण्यास सक्त मनाई. सायकल हातात धरून न्यावी. हुकुमावरून.' हुकूम कॉलनीच्या अध्यक्षांचा. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. उंच, झुपकेदार मिशा, आणि साधं 'चहा घ्या' म्हणाले तरी समोरचा सावधानमध्ये उभा राहावा असा आवाज. त्यांनी शिट्ट्या देऊन माणसं उभी केली. पोरं गेटाबाहेर उतरून सायकल ढकलायची आणि शिट्टीवाल्याची पाठ वळली की पुन्हा टांग मारायची. कुणी कुणाच्या चाकातली हवा सोडली, कुणी पाटीवर चिखल फेकला. दोन्ही बाजूंचे तक्रार अर्ज ठाण्यात येऊ लागले. ठाण्यात हशा पिकायचा. "मॅडम, सायकलीला अटक करायची का जामीन द्यायचा?" असं आमचे ठाणे अंमलदार विचारायचे आणि मीच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. कॉलनीच्या पाटीनं कायदा होत नाही, आणि कायदा नाही म्हणून सायकली माणसांच्या अंगावर घालू नका, असं दोन्ही बाजूंना ऐकवून मी त्यांना परत पाठवलं होतं.

बंदीतून सूट एकाच मुलीला होती. तिचा उजवा पाय लहानपणापासून अधू. वडील फौजेत, सीमेवर. घरी ती आणि आई. आई शिवणकाम करायची. वडिलांनी तिला इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली तेव्हा ती पहिल्यांदा कुणाच्या मागे न बसता कॉलेजला गेली. आईनं सुभेदारांकडे जाऊन पदर पसरला. सुभेदार मिशीत पुटपुटले आणि त्यांनी परवानगी दिली. अट एकच, घराच्या दारापासून कॉलेजच्या रस्त्यापर्यंत घंटी वाजवत जायचं. त्यामुळे रोज सकाळी कॉलनीत तिची घंटी ऐकू यायची. लोक म्हणायचे, "बघा, कुल्फीवाली निघाली."

आता त्या सकाळचं सांगते. धुकं इतकं की ठाण्याच्या आवारातला झेंड्याचा खांब अर्धाच दिसत होता. हजेरी चालू होती. ठाण्यातला जुना फोन वाजला. त्याच्यावर नंबर दिसायचा नाही. अंमलदारांनी उचलला. एक पुरुषाचा आवाज कॉलनीचं नाव सांगून म्हणाला, "मागच्या रस्त्याला तार हाय. कुनाचा तरी जीव जाईल. लवकर या." फोन बंद.

अंमलदारांनी मला विचारलं. मी हजेरीतून मान न वळवता म्हणाले, "लाइटवाल्यांना कळवा." आमच्याकडे 'तार पडली' म्हणजे विजेची, दुसरी कुठली? वीज कंपनीचा माणूस गेला, त्यानं कॉलनीभर मान वर करून खांब बघितले, सगळ्या तारा जागच्या जागी. तो गेटावरूनच परतला. वळणापुढे गेलाच नाही.

थोड्याच वेळात त्या रस्त्यानं एक शेतकरी मोटारसायकलवरून जनावरांना वाडं घेऊन निघाला. उसाच्या शेंड्यांचा तो भारा त्यानं टाकीवर पुढं उभा धरला होता, डोक्यापेक्षा उंच. वळण संपल्यावर त्याला हिसका बसला आणि तो गाडीसकट आडवा झाला.

मी पोचले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून होता आणि सारखा स्वतःचा गळा चोळत होता. त्याच्या गळ्याला काही झालं नव्हतं. भारा मात्र विळ्यानं सपकन कापावा तसा मधोमध कापला गेला होता. विजेचा खांब आणि समोरची बाभळ यांच्यामध्ये कुंपणाची बारीक तार ताणून बांधली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. सायकलवर बसलेल्या माणसाचा गळा येईल तेवढ्या उंचीला ती होती. धुक्याचे थेंब तिच्यावर ओळीनं बसले होते, म्हणून दिसली. नाहीतर दिसली नसती.

"मॅडम," तो शेतकरी म्हणाला, "वाडं गाईला घालू का न्हाई आता? मला घालावं वाटंना."

मी भारा जागेवरच ठेवायला सांगितला. पंचांना बोलावून पंचनामा केला, तार मुद्देमालात घेतली. एवढ्यात कॉलनीकडून टणटण घंटी वाजत आली. तीच पोर. तिला तिच्या आईनं मागून हाक मारून डब्यासाठी परत बोलावलं होतं आणि डबा भरेपर्यंत बराच वेळ गेला होता. मागून हाक मारली म्हणून ती आईवर चिडलेली होती. "अपशकुन करतेस," असं सांगून निघाली होती. कापलेला भारा बघून ती उतरली आणि सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. आई पाठोपाठ धावत आली. लेकीच्या गळ्याभोवती तिनं स्वतःची ओढणी गुंडाळली, दोन वेढे, तीन वेढे. थंडीसाठी नव्हे, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

तार कुणासाठी होती हे शोधायची गरजच नव्हती. रोजच्या कटकटीला कंटाळून बाकीची पोरं एव्हाना मोठ्या रस्त्यानं जाऊ लागली होती; त्या वेळी, त्या वाटेनं, सायकलवर बसून रोज जाणारी एकच होती.

माझा संशय कुणावर गेला असेल? अर्थात मिशांवर! बैठकीत सुभेदार सगळ्यांसमोर गरजले होते, "एकेकाला आडवा पाडतो." कुंपणाच्या तारेचं भेंडोळं कॉलनीच्या शेडमध्ये होतं आणि शेडची किल्ली त्यांच्याकडे. शेडला कडी अशी की हिसका दिला तरी उघडते, हे माझ्या नजरेला पडलं, पण चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखणाऱ्या बाईला कडी कशाला लागते? मी त्यांना चौकशीसाठी बोलावलं.

"सुभेदार, मुलीला सूट तुम्हीच दिलीत. मग पस्तावलात का?"

"मॅडम, पस्तावलो असतो तर सूट काढून घेतली असती. पाटी माझी हाय, हुकूम माझा हाय. मला तार कशाला पायजे?"

"आडवा पाडतो म्हणाला होतात."

"म्हनलो व्हतो. समोर उभं राहून म्हनलो व्हतो." त्यांनी खुर्चीतून पुढे वाकून हळू आवाजात सांगितलं, आणि त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "जो वरडतो त्याला नगा भिऊ. जो तार बांधतो त्यो वरडत न्हाई."

मला हे नाटक वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांना पुन्हा बोलावलं. ते माझ्यासमोर बसून चहा पीत होते, आणि आमचा गस्तीवरचा बीट अंमलदार दारात आला. पांढराफटक. हातातलं हेल्मेट त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं. समोरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ होती.

"मॅडम, पहाटं गस्त घातली तवा रस्ता मोकळा व्हता. माघारी येताना परत तार!"

सुभेदारांनी बशी खाली ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून कॉलनीची रीतच बदलली. सकाळी धुक्यातून माणसं हातात काठी उभी धरून चालायची, तोंडापुढे, काकडआरतीला निघाल्यासारखी. बायका केरसुणीचा दांडा धरून दूध आणायला जायच्या. पोरं आपल्याच दारातून बाहेर पडताना हात पुढे फिरवून बघायची. एकमेकांना रामराम करताना लोक आधी समोरच्याचे हात बघत. कोण असेल? शेजारचा असेल? ज्यानं काल साखर दिली तो? चोर बाहेरचा असला की गाव एक होतं. तो आतलाच आहे म्हटल्यावर प्रत्येक घराची आतून कडी लागते. मला स्वतःला रात्री पाणी प्यायला उठताना स्वयंपाकघराच्या दारात हात पुढे करावा वाटायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. अधिकाऱ्यांना भीती वाटत नसते ना!

आणि ती पोर? तिची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती. आई म्हणाली, घरी बस. पोर म्हणाली, "आता बसले तर कायमची बसेन." मी गस्त वाढवली, उसात माणसं बसवली, आणि मुलीला दोन-तीन दिवस जीपमधून पोचवलं. पण जीप किती दिवस पुरणार होती? तो थांबला होता, आणि आमच्या थकण्याची वाट बघत होता.

शेवटी मी गणवेश न घालता, साध्या साडीत, त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात पाटावर बसले. आई भाकऱ्या थापत होती. मुलीला म्हटलं, "त्या पहिल्या सकाळचं सांग. दारातून निघालीस तिथपासून. काय दिसलं ते नको. कोण काय बोललं तेवढंच सांग." चेहरे बघून काही हाती लागलं नव्हतं, आता कानांवर भिस्त.

"आईनं हाक मारली, डबा घेतला, भांडले आणि परत निघाले," ती सांगू लागली. "वॉचमनकाका म्हणाले, 'घंटी वाजव गं.' सुभेदारआजोबा शिट्टी घेऊन उभे होते, ते म्हणाले, 'सावकाश.' मग मागच्या गेटावर आबा. मी म्हटलं, 'आबा, येते.' ते म्हणाले, 'जा.'"

"काय म्हणाले?"

"जा."

"नुसतं जा?"

"हो. रोज म्हणतात, 'ये जाऊन, बाळ.' आईनं परत बोलवायच्या आधी पहिल्यांदा निघाले, तेव्हापण 'जा'च म्हणाले होते. मला वाटलं, आजींच्या आठवणीत असतील."

भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता. आईचा पिठाचा हात परातीतच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. आम्ही दोघी याच मातीतल्या. आमच्यात घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही आणि निरोप देणारा नुसतं 'जा' म्हणत नाही. शत्रू दारातून निघाला तरी 'या' म्हणतो माणूस. नुसतं 'जा' म्हणतात ते भांडणात, किंवा जो परत येणार नाही त्याला.

आबा म्हणजे त्या वारलेल्या आजींचे मालक. कॉलनीतला सगळ्यांत मऊ माणूस. बैठकीत एक शब्द बोलले नव्हते. "चूक कुनाची बी असू दे, पोरं आपलीच हायत," एवढंच म्हणाले होते. रोज उजाडताच हातात पिशवी घेऊन लोकांच्या कुंपणावरची फुलं पूजेला तोडायचे, मग मागच्या गेटापाशी बाकावर बसायचे. आमच्या गस्तीच्या शिपायाला त्यांनी दोनदा जास्वंद दिली होती. शिपायानं ती खिशाला लावली होती. मीच त्याला त्यावरून चिडवलं होतं.

पण 'जा' म्हणाला, एवढ्यावर कुणाला अटक होते? कोर्टात काय सांगू, व्याकरण? मी एक बेत केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या माणसांनी सगळा रस्ता पायी तपासायचा. मोकळा असला तरच मुलीनं नेहमीसारखं घंटी वाजवत निघायचं, आबांना 'येते' म्हणायचं आणि वळणापर्यंतच जायचं. वळणावर आमची महिला हवालदार उभी असेल. तिनं मुलीला उतरवून घ्यायचं. घंटी तिथं थांबायची. मी आबांशेजारी बसून ते काय म्हणतात ते ऐकायचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला लेक आहे का?" मी म्हटलं, आहे. "मग तुम्ही बसा तिच्या जागी," असं म्हणून ती रडली, आणि मग तिनंच सायकल पुसून दारात लावली.

सकाळी माणसांनी रस्ता बघितला. मोकळा. रात्रीची गस्त उठली, दुसरी यायची होती, हवालदारही वळणावर पोचायची होती; मधे थोडा वेळ रस्त्यावर कुणीच नव्हतं आणि धुकं उतरलं होतं. मी बाकावर आबांशेजारी जाऊन बसले. त्यांच्या पायाशी फुलांची पिशवी.

"लवकर आलासा, बाई," ते म्हणाले.

"चालायला आले. थंडी लय आहे."

"व्हय. हिची कंबर या थंडीनं लय दुखायची."

कॉलनीतून घंटी निघाली. टणटण, टणटण. धुक्यातून आधी आवाज आला, मग पोर दिसली, गळ्याला ओढणीचे वेढे. "आबा, येते!"

आबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. पोर पुढे गेली.

"आबा," मी म्हटलं, "पोरगी 'येते' म्हणाली. 'ये जाऊन' म्हणा की."

ते समोर बघत राहिले. त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांना धरायला लागले.

"म्हणा, आबा. शुभ बोलावं."

घंटी वळणापाशी पोचली. आता थांबेल म्हणून मी कान लावला. घंटी थांबली नाही. वळणाच्या पलीकडे वाजत राहिली, टणटण, लांब, आणखी लांब. मी बाकावरून उठले. हवालदार कुठे होती? पोर थांबली का नाही? रस्ता तर मोकळा होता, आम्ही बघितला होता. मग माझी नजर फुलांच्या पिशवीकडे गेली. जास्वंदीच्या खाली पक्कड दिसत होती.

"थांबवा!" आबा ओरडले. त्या मऊ माणसाचा तो आवाज माणसाचा वाटला नाही. "थांबवा तिला, आवं, थांबवा!" आणि ते धावले. गुडघे धरून चालणारा म्हातारा माझ्या पुढे धावला. मी साडी वर धरून मागे. केस काळे केले तरी गुडघे काळे होत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

वळणावर ती पोर एकटी उभी होती. सायकल नव्हती. पुढून धुक्यातून आवाज आला, टण्ण! तारेवर लाकूड आदळल्याचा. आणि घंटी बंद.

आमची हवालदार पाय रोवून उभी होती. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात तोंडापुढे उभी धरलेली काठी. काठी तारेला टेकलेली, आणि तार तिच्या नाकापासून वीतभर. "म्हटलं मॅडम," ती म्हणाली, "वळणावर घंटी थांबली तर त्यांना संशय येईल. म्हणून मी सायकल हातात धरून, वाजवत पुढं निघाले. काठी आपली सवयीनं धरली."

मी तिला शाबासकी द्यायची की थोबाडीत, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या क्षणी मी तिला नुसती मिठी मारली. खात्याच्या शिस्तीत ते बसत नाही.

आबा रस्त्यातच बसले होते.

जबाब घेताना त्यांनी काही लपवलं नाही. आजींना धडकलेली ही पोर नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. "पन आता तीच उरली व्हती न्हवं? आन तिची घंटी. रोज सकाळी ती घंटी कानात. त्या दिवशी अशी घंटी वाजली असती तर माझी बायको वळून बघती, बाजूला हुती. पोरीच्या सायकलीला घंटी, आन बायकोला धडकली त्या सायकलीला न्हाई?" सगळा राग त्या घंटीवर होता. जी घंटी माणसं वाचावीत म्हणून लावली होती, तिच्यावर!

"मग नुसतं 'जा' का म्हणालात?" मी विचारलं. "नेहमीसारखं म्हणाला असतात, तर आम्हाला कळलंही नसतं."

"तोंडातनं 'ये' निघंना, बाई. 'ये' म्हनलं असतं तर जाऊन तार सोडाय लागली असती."

मी पुढचा प्रश्न लिहून घेत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "फोन बी म्याच केला व्हता. पैल्या दिवशी. हातानं बांधली आन मग पाय लटपटाय लागलं. म्हनलं, पोलीस सोडतील. तुमी लाइटवाला धाडला."

ठाणे अंमलदारांनी मान खाली घातली. मीही घातली. नंतर आलेल्या फोनच्या नोंदींनीही तेच सांगितलं.

"आणि दुसऱ्यांदा? तेव्हा फोन का नाही केला?"

"दुसऱ्यांदा हात थरथरला न्हाई," आबा म्हणाले. जणू त्यांनाच ते पहिल्यांदा कळत होतं. "तिसऱ्यांदा तर फुलं तोडता तोडता बांधली."

त्या वाक्यानं मला जेवढी भीती वाटली तेवढी तारेनं वाटली नव्हती. मी दरोडेखोर पकडले, खुनी पकडले. त्यांच्यासमोर बसताना माझी खुर्ची घट्ट असायची. या देवभोळ्या म्हाताऱ्यासमोर ती हलत होती, कारण तो माझ्यासारखाच होता. तुमच्यासारखाच.

घरझडतीसाठी त्यांना कॉलनीत नेलं. परत निघताना सगळे आपापल्या दारात उभे होते. सुभेदारही, शिट्टी गळ्यात. जीपमध्ये चढताना आबांनी मागे वळून, जन्माच्या सवयीनं हात जोडले आणि म्हणाले, "येतो."

'या' म्हणायला कुणाचंही तोंड उघडलं नाही. म्हातारा माणूस 'येतो' म्हणाला आणि अख्खी गल्ली गप्प राहिली, असं मी आधी कधी बघितलं नव्हतं. पोर आईला धरून उभी होती. तिचे ओठ हलल्यासारखे मला वाटले, पण जीप सुरू झाली होती.

ती पोर पुढे परीक्षा पास झाली, त्याच सायकलवरून, त्याच घंटीनं. पाटी सुभेदारांनी स्वतः उतरवली आणि नवी लावली: 'सायकल हळू चालवा. घंटी वाजवा.' हुकुमावरून हे शब्द त्यात नव्हते.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं पोलीस प्रशिक्षणातल्या पोरी मला विचारतात. मी सांगते, चेहरे बघू नका. चेहरा खोटं बोलायला लवकर शिकतो. रोजचा शब्द ऐका. माणूस तारेला हात घालेल, पक्कड फुलांखाली लपवेल, पण जन्मभर म्हटलेला शब्द मनाविरुद्ध म्हणता येत नाही, आणि जिथं तो गळतो तिथं जाऊन उभं राहा. दुसरं, फोनवर कुणी 'तार' म्हणालं तर कसली तार ते विचारा. एवढा साधा प्रश्न विचारायला वाकडी टोपी लागत नाही.

आता मी साताऱ्यात लेकीकडे राहते. नातीकडे इलेक्ट्रिक सायकल आहे. आमच्याही कॉलनीत त्यावरून बैठका चालू आहेत, पाटी कशी असावी यावर वाद आहे. परवा सकाळी नात शाळेला निघाली तेव्हा आमचं कशावरून तरी वाजलं होतं. "येते," ती म्हणाली, आणि मी रागाच्या भरात भांडी आपटत म्हणाले, "जा!"

पुढच्या क्षणी मला स्वतःचा शब्द ऐकू आला.

मी अनवाणी धावले. गेटातून, वॉचमनसमोरून, पदर एका बाजूला, केस मोकळे, आणि आता ते पांढरेच आहेत. तिला कोपऱ्यावर गाठलं. तिच्या मैत्रिणी बघत होत्या. मला दम लागला होता.

"काय झालं आजी? डबा राहिला का?"

"ये," मी म्हणाले. "ये जाऊन."

"एवढं सांगायला धावलीस?"

"व्हय. एवढंच."

ती हसली, घंटी वाजवली आणि निघाली. घंटी ऐकू येत होती तोवर मी तिथंच उभी राहिले. ऐकू येणं बंद झाल्यावरही उभी राहिले.